ईवाईबुवांची मॉरिस

सौसरच्या दिलीपरावांकडे फियाट आहे. इलेव्हन हंड्रेड, मूळची इटलीची, नाक पुढे काढून बसलेली. जिला आपल्याकडे सगळे डुक्कर फियाट म्हणतात, तीच. पांढुर्ण्याच्या गजेंद्रकडे मॉरिस मायनर आहे. ही विलायतेची. गोल पाठीची, दोनच दारांची, पुढची काच दोन तुकड्यांची, आणि वळायचं असलं की दाराजवळच्या खांबातून संत्र्याच्या रंगाचा एवढासा हात बाहेर काढणारी. दोन्ही गाड्या मालकांपेक्षा वयाने मोठ्या. या दोहोंत चांगली कोणती, या एका प्रश्नावर दोन शहाण्यासुरत्या माणसांनी अर्धं आयुष्य घालवलं. काहींना हा रिकामटेकडेपणा वाटेल. वाटू दे. लोक याहून फालतू गोष्टींवर आयुष्य घालवतात आणि वर त्याला कामधंदा म्हणतात.

दिलीपरावांचा मुद्दा चढाचा होता. छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीच्या घाटात फियाट कशी दम न खाता वर जाते, हे ते शाळेत विज्ञान शिकवायचे त्याच आवाजात सांगत. गजेंद्र कापसाचा व्यापारी, त्याचा आवाज मोकळा. "चढते ना," तो म्हणायचा, "अन् वर जाऊन चहाच्या गंजासारखी उकळते. माही मॉरिस कधी तापली का, सांग?"

"तापन कशी? चढतच नाही ते."

मग गजेंद्र फियाटच्या दारांवर यायचा. तिची पुढची दारं उलटी उघडतात आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला आहे. इटलीवाल्यांना गाडीची पुढची बाजू कोणती हे बनवून झाल्यावर कळलं असणार, असं त्याचं मत. त्यावर दिलीपराव सांगत की उलट्या दारातून लुगड्यातली बाई कशी मानाने खाली उतरते. तुमच्या मॉरिसमध्ये मागच्या माणसाला उतरायचं तर आधी पुढच्याला उठवावं लागतं, सीट दुमडावी लागते, आणि मग तो कणगीतून काढल्यासारखा बाहेर निघतो.

हे सगळं चालायचं दसऱ्याला, जामसांवलीला. सकाळी गाड्या धुवायच्या, झेंडूचे हार घालायचे, एकाने सौसरहून निघायचं, दुसऱ्याने पांढुर्ण्याहून, आणि मारुतीचं दर्शन झालं की गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या. मग बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाभोवती फिरतं, दात बघतं, खूर बघतं, शेपटी उचलून बघतं, तसं एकाने दुसऱ्याच्या गाडीभोवती फिरायचं आणि खोट काढायची. दरसाल एकच, पण नवी. जुनी खोट चालत नसे. खोटी खोट तर मुळीच नाही. मालकाला मान खाली घालून कबूल करावी लागेल अशी पाहिजे. दर्शनाला आलेली माणसं प्रसादाचा द्रोण हातात धरून भोवती उभी राहायची. खोट मान्य झाली की दोघं एकमेकांना आपट्याचं सोनं द्यायचे, आणि पुढचं वर्ष हरलेला भाग दुरुस्त करण्यात जायचं. त्या दोन गाड्या इतकी वर्षं रस्त्यावर राहिल्या त्या याच भांडणामुळे. मालकांच्या प्रेमाने गाड्या झाकून ठेवल्या जातात. चालत्या राहतात त्या शेजाऱ्याच्या डोळ्यामुळे.

आता एक गोष्ट दिलीपरावांनी कधी तोंडाने सांगितली नव्हती. मॉरिसचं स्टिअरिंग फार गोड आहे, हे त्यांना ठाऊक होतं. गजेंद्रने एकदाच त्यांना ती चालवायला दिली होती आणि वळणावर त्यांच्या हाताला जे कळलं ते त्यांनी पोटात ठेवलं. गजेंद्रलाही फियाटच्या इंजिनाचं असंच काही कळलेलं असणार. दोघांनी आपापलं झाकून ठेवलं, म्हणून तर भांडण टिकलं.

बाप भांडत असताना पोरांना करण्यासारखं काही नसे. दिलीपरावांची मृणाल आणि गजेंद्रचा आशिष दरवर्षी देवळाच्या बाहेर पेढे खात कंटाळून बसायची. कंटाळून कंटाळून ती दोघं बोलायला लागली. पुढे मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, तरी दसऱ्याला येत राहिली, आणि एक दिवस दोन्ही घरांत कळलं की आता लग्नाचं बघायला हवं. कोणालाच नाही म्हणायचं कारण नव्हतं. गजेंद्रने फोनवर एवढंच म्हटलं, "अबे दिल्या, आता तुही फियाट माह्या दारात येन, अन् मले तिले पानी पाजा लागन."

इथपर्यंत सगळं छान होतं. बिघडलं ते लग्नाच्या आठवड्यात.

दिलीपरावांची बायको रजनी शहाणी बाई. तिने हळदीच्या आदल्या दिवशी नवऱ्याला बाजूला बसवलं. "एक सांगतो," ती म्हणाली. "आता तुम्ही पोरीचे बाप झाले. ते आता तुमचे ईवाई होत. त्यायच्या गाडीले नाव ठेवाचं नाही. आमच्या मोठ्या बाईच्या लग्नात बाबा नवरदेवाकडच्या बँडले हसले होते. सासू मरेलोक बाईनं ते ऐकलं."

आपल्या भागात व्याह्याला ईवाई म्हणतात. शब्द गोड आहे, पण मुलीच्या बापाच्या तोंडात तो आला की त्याच्या पाठीचा कणा जरा वाकतो. दिलीपरावांनी मोठ्या मेहुणीचं घर बघितलेलं होतं. तिचे रडके डोळेही. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आपल्या जिभेपायी मृणालला एक शब्द ऐकावा लागणार नाही. लग्नात आशिषची वरात मॉरिसमधून आली. मांडवाच्या दारात नवरदेव उतरला आणि त्याच्या मागे मॉरिसचं डावं दार लागेना. पाचजणांनी धक्के दिले. दिलीपरावांच्या जिभेच्या टोकावर वाक्य आलं होतं. गजेंद्र त्यांच्याकडे बघतच होता, अगदी वाट बघत होता. दिलीपरावांनी हात जोडले आणि म्हणाले, "या ईवाई, आत या."

त्या वर्षीच्या दसऱ्याला गजेंद्र तयारीने आला होता. फियाटच्या वायपरचा मुद्दा त्याने वर्षभर जपून ठेवला असावा. त्याने तो मांडला, लोक हसले, आणि सगळ्यांनी दिलीपरावांकडे बघितलं. दिलीपराव म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, गजेंद्रराव. मॉरिसची सर फियाटले नाही. तुमचं स्टिअरिंग तर फारच गोड आहे." इतकी वर्षं पोटात ठेवलेलं खरं ते अखेर बोलले, आणि ते खुशामतीसारखं ऐकू आलं. लोक थोडा वेळ थांबले, मग पांगले. गजेंद्र उन्हात उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला.

पुढच्या वर्षी त्याने जास्त जोर लावला. पांढुर्णा जिल्हा झाला होता आणि सौसर त्या जिल्ह्यात गेलं होतं. सौसरच्या कुठल्याही माणसाला यावरून चिथवता येतं. "पाहा," गजेंद्र म्हणाला, "आता तुमचं अख्खं सौसर आमच्या हाताखाली." दिलीपराव म्हणाले, "चांगलंच झालं." तिसऱ्या वर्षी गजेंद्र आशिषच्या नव्या गाडीतून आला, मॉरिसची बॅटरी उतरली म्हणाला. यंदा तर आलाच नाही. दिलीपराव फियाटला हार घालून जामसांवलीला एकटेच उभे राहिले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "दुसरी कुठं गेली?" आणि त्यांना वाईट वाटलं. त्यांनी त्याचं कारण शोधलं नाही. मुलगी सुखात आहे, ईवायांशी संबंध गोडीचे आहेत, आणखी काय पाहिजे, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत मृणालचा फोन आला.

"बाबा, मामंजी मॉरिस देऊन राहिले."

"कोणाले?"

"बोरगावच्या पुढं हायवेवर नवीन हॉटेल झालं ना, त्यायले. पैसे नको म्हनले, नुसतीच देऊन राहिले. ते तिचं इंजिन काढून टाकनार, आत लाइट लावनार, अन् फाटकाजवळ चबुतऱ्यावर ठेवनार. लोकायले फोटो काढाले. आज दुपारी त्यायचा मानूस येऊन राहिला."

दिलीपरावांनी खुर्चीचा हात धरला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुले काही बोलले का ते?"

"दरवेळी हेच काहून विचारता, बाबा? तुम्ही या फक्त," मृणाल म्हणाली आणि फोन ठेवला.

दिलीपरावांनी फियाट काढली. रस्त्यात संत्र्याच्या क्रेट भरलेल्या गाड्या होत्या आणि फियाट त्यांच्या मागे मागे जात होती. ओव्हरटेक करायला त्यांचं मन होईना. ते मॉरिसचा विचार करत होते. आश्चर्य म्हणजे तिची एकेक खोटच त्यांना आठवत होती, किती साफ. चढावर तिला दुसऱ्या गिअरात टाकलं की येणारा तो हुंदका. मागच्या सीटखाली पावसाळ्यात साचणारं पाणी. आपण फियाटबद्दलसुद्धा इतकं जाणत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. फियाटला ते सवयीने चालवत होते. बारकाईने बघितली होती ती मॉरिसच. तिचं इंजिन काढून आत दिवा लावणार, हे त्यांना फार लागलं. पण तिथे जाऊन म्हणायचं काय? मुलीच्या सासऱ्याला, त्याच्या घरात उभं राहून, गाडी देऊ नका असं सांगायचा अधिकार मुलीच्या बापाला कुठून आला?

गजेंद्रच्या अंगणात मॉरिस शेडमधून बाहेर काढून उभी होती. धुतलेली होती. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर एक तरणा माणूस हातात मोजपट्टी घेऊन बसला होता. हॉटेलचा माणूस, नाव अनिल. त्याची क्रेन चौकातून आत वळायला जागा शोधत होती.

"या, ईवाई," गजेंद्र म्हणाला.

दिलीपराव फाटकातच थांबले. इतकी वर्षं हा माणूस त्यांना दिल्या म्हणत होता. लग्नानंतरही म्हणत होता, रजनीने डोळे वटारले तरी. आज पहिल्यांदा त्याने ईवाई म्हटलं, आणि ते म्हणताना त्याचा चेहरा फार थकलेला दिसला.

खुर्ची आली, पाणी आलं, ऊन फार आहे नाही का, असं बोलणं झालं. मग गजेंद्रने विचारलं, "तुम्हीच सांगा. देऊन टाकू ना गाडी?"

दिलीपरावांनी तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. "तुमची गाडी, तुमची मर्जी," ते म्हणाले. "तुम्ही विचार करूनच ठरवलं असन."

गजेंद्र हसला, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "पाहा अनिलभाऊ, परवानगी भेटली," तो म्हणाला. मग त्याने आपली खुर्ची ओढून दिलीपरावांच्या समोर आणली, आणि अनिल ऐकतो आहे याची पर्वा न करता बोलायला लागला.

"मले सांग दिलीप. माह्या घरात तुह्या पोरीले कोनी काही म्हनलं?"

"नाही नाही, असं कसं..."

"कोनी जाच केला? मी केला? तिच्या सासूनं केला?"

"अहो गजेंद्रराव, काय बोलून राहिले तुम्ही?"

"मंग भेतो कायले मले?" गजेंद्रचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणून तो जास्त ऐकू येत होता. "चार वर्षं झाले. मी फियाटले भंगार म्हनलं, तू हो म्हनला. सौसर आमच्या हाताखाली आलं म्हनलं, तरी हो. लोकं म्हनतात, गजेंद्र, ईवाई कसा गायीसारखा भेटला तुले. मले तसं नाही वाटत. मले वाटते, हा मानूस मनात म्हनत असन, या गज्याले राग आला तर हा माह्या पोरीवर काढन. असा समजतो तू मले. इतक्या वर्षांची ओळख, अन् पोरगी दिल्यावर मी तुले असा दिसाले लागलो."

आपण मान देतो आहोत असं दिलीपराव चार वर्षं समजत होते. मान खाली घालणं म्हणजे समोरच्याला मान देणं, असंच तर सगळे धरून चालतात. त्या खाली घातलेल्या मानेत ही शंका आहे, हा आरोप आहे, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. गजेंद्रला मात्र तो पहिल्या दसऱ्यालाच दिसला होता. आणि आरोप खरा होता. दिलीपराव भीतच होते. खरं होतं म्हणून तर ते इतकं लागलं.

"गाडीत आता राहिलं काय?" गजेंद्र मॉरिसकडे बघून म्हणाला. "जो येते तो छान म्हनते अन् फोटो काढते. फोटोच काढाचे तर चबुतऱ्यावर काय वाईट?"

मृणाल चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. दिलीपरावांनी सवयीने तिच्याकडे बघितलं. चार वर्षं ते काहीही बोलायच्या आधी असंच बघत होते, तिला चालेल का, तिला निस्तरावं लागेल का. मृणालने ट्रे ओट्यावर ठेवला.

"माह्याकडं काय पाहता, बाबा?" ती म्हणाली. "मी कालच मामंजीले म्हनलं का तुमची मॉरिस बैलबंडीच्या मागं राहते. आम्ही दोघं अर्धा तास भांडलो. गाडीकडं पाहा ना."

दिलीपराव उठले. गाडीजवळ गेले. पहिली चक्कर त्यांनी नुसतीच मारली, हात मागे बांधून. चार वर्षांची सवय जिभेवर बसली होती. अनिलला वाटलं, म्हातारे गाडीचा निरोप घेत आहेत. तो आदराने उभा राहिला. दुसऱ्या चकरेत दिलीपराव डाव्या दारापाशी थांबले. दार उघडलं. ते हातात येताच कण्हत खाली बसलं.

"हे दार उतरलं आहे," ते म्हणाले.

गजेंद्रने मान वर केली.

"बिजागरी गेली हिची. आज नाही गेली. वरातीतच गेली होती. माह्या मांडवाच्या दारात पाचजन धक्के मारून राहिले होते, अन् मी हात जोडून उभा होतो."

"पाहिलं होतं तू?"

"पाहिलं नसन का? अन् हा रंग कोनी देल्ला? हा मॉरिसचा हिरवा नव्हे. हा सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा हिरवा आहे. मी पहिल्या वर्षीच म्हननार होतो." आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता, वर्गातल्यासारखा. "मागच्या सीटखाली पानी साचते, त्याच्यात मच्छर होतात. अन् तुले त्या स्टिअरिंगचा मोठा गर्व. आहेच गोड. पन वळवासाठी गाडी आधी चालाव लागते ना बे गज्या."

मृणाल खदखदून हसली. गजेंद्र खुर्चीतून उठला होता. "तू मले शिकवतो?" तो म्हणाला. "तुह्या फियाटचा सायलेन्सर चौकात होता तवाच मले इथं आयकू आला. म्हशीले सर्दी झाल्यासारखा वाजून राहिला. कवा पाहिला होता त्याले?"

"मी नाही पाहिला. तू सांगितलं नाही ना," दिलीपराव म्हणाले. "सांगनारा दोन वर्षं चूप बसला होता."

अनिलच्या चेहऱ्यावर चिंता पसरली होती. तो गाडीपाशी येऊन वाकून बघू लागला. "अंकल, दरवाजा खरंच उतरला का? साहेबायले मी एकदम कंडिशन गाडी सांगितली."

"उतरला आहे," गजेंद्र म्हणाला. "रंग दवाखान्याचा आहे. मच्छर बी खरे आहेत. गाडी भेटनार नाही आता."

"पन चबुतरा बांधून झाला ना, अंकल."

"त्याच्यावर तुळस लावा."

मृणालने अनिलच्या हातात चहा दिला. तो पिऊन झाल्यावर तो क्रेनवाल्याला माघारी फिरवायला चौकाकडे गेला.

गजेंद्र मॉरिसच्या टपावर हात टेकून उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याने तसदी घेतली नाही.

"इतके दिवस कुठं होता बे तू?" तो म्हणाला.

"भेत होतो," दिलीपराव म्हणाले. "पोरीसाठी."

"अन् आता?"

दिलीपरावांनी उतरलेलं दार दोन्ही हातांनी उचलून चौकटीत बसवून बघितलं. ते बसलं नाही.

"आता पाना आन," ते म्हणाले.